हातपाठ

सौंदडच्या स्टेशनाबाहेर उभं राहून रुख्माचं घर विचारलं, तर आज कोणीही बोट करून दाखवेल. बारा वर्षांपूर्वी विचारलं असतं तरी दाखवलं असतं, पण दाखवणारा आधी हसला असता. "कोन, ते तिखट तोंडाची? गोवर्धनची बायको? जा बाप्पा, पन सांभाळून जा."

यात खोटं काही नव्हतं, हे गोवर्धनलाही मान्य होतं. लग्नाला तेव्हा तीस वर्षं होत आली होती आणि त्या तीस वर्षांत रुख्मा कोणाच्या पाठीमागे एक शब्द बोलली नव्हती. जे बोलायचं ते तोंडावर, मोठ्यानं, आणि चार बाया ऐकत असताना. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत धानाच्या बांधीत वीस बाया चिखलात वाकलेल्या असायच्या. त्यात रुख्माची ओळ सगळ्यांत सरळ आणि आवाज सगळ्यांच्या वर. हात आणि जीभ एकाच वेगानं चालायची. कोणी दुखावलं गेलं तर तिचं एकच उत्तर ठरलेलं होतं, "कायले रागावता? मी खरं तेच बोलली ना?"

गोवर्धन सातवी शिकलेला, मुळातच अबोल. बायकोशी त्यानं कधी वाद घातला नाही. त्याला भित्रेपणा म्हणा की शहाणपण म्हणा, घर मात्र चाललं.

त्या वर्षीच्या रोवणीत रुख्मा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, घसरली. डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या होत्या, पाय वाकडा पडला आणि घोट्याच्या वर हाड मोडलं. गोंदियाला नेऊन प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने खाटेवरून उतरायचं नाही. जी बाई दिवसात दोन घटका बसत नव्हती तिला दोन महिने बसवायचं, म्हणजे ज्याच्या घरात बसवायचं त्याचीच परीक्षा होती. चुलीवर जळलेला भात, दाराशी न झाडलेलं अंगण, चुकीच्या दाव्याला बांधलेली गाय, सगळं तिला खाटेवरून दिसायचं आणि जे दिसायचं ते ती बोलायची.

पाचव्या दिवशी गोवर्धननं माळ्यावरून वडिलांची पोथी काढली. लाल फडक्यात बांधलेली, सातशे श्लोकांची. वर संस्कृत, खाली मराठी अर्थ. घरात तिला कोणी कधी नावानं ओळखलं नाही, नुसतं पोथी. वडील गेल्यापासून ती उघडली नव्हती. देवाचं ऐकताना तरी ही गप्प राहील, एवढाच त्याचा हेतू होता. दुपारी चारच्या सुमाराला तो खाटेशेजारी बसायचा आणि बोट ठेवून वाचायचा. जोडाक्षर आलं की अडायचा, मागं यायचा, पुन्हा वाचायचा. रुख्मा खरंच गप्प राहिली. त्याला वाटलं, झोपली.

तिसऱ्या दिवशी त्यानं आदल्या दिवशीचा एक श्लोक चुकून पुन्हा वाचायला घेतला.

"काल तुमी असं नोतं वाचलं," रुख्मा म्हणाली.

"असंच वाचलं."

"नाई. आयका." आणि तिनं तो श्लोक म्हटला. मग त्याच्या पुढचा म्हटला, त्याच्याही पुढचा. गोवर्धन पोथीवर बोट ठेवून मागोमाग जात होता. अकरा श्लोक झाले तेव्हा बोट पानाच्या तळाशी आलं. जिथं तो अडला होता तिथं ती अडली नव्हती. गावातल्या शाळेत दीड वर्ष गेलेली, सहीपुरती अक्षरं येणारी बाई.

"तुले हे कसं येते वो?" त्यानं विचारलं.

"तुमी वाचलं, मी आयकलं," ती म्हणाली. तिला यात नवल वाटलंच नाही.

प्लास्टर निघेपर्यंत तीन अध्याय झाले. पाय बरा झाल्यावरही वाचन थांबलं नाही. गोठ्यात, चुलीपुढं, धान पाखडताना रुख्मा पुटपुटत राहायची. गोवर्धन दुपारी दहा-बारा श्लोक वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी ती ते परत म्हणून दाखवायची. तीन वर्षांत सातशेही श्लोक झाले. मारुतीच्या देवळात तिनं एका बैठकीत सगळी पोथी म्हटली, हातात कागद नाही, समोर पोथी नाही. सरपंचांनी शाल-नारळ दिला. गोवर्धन देवळाच्या मागच्या खांबाला टेकून बसला होता. लोक वळून वळून त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

पण खरं सांगायचं तर जीभ होती तशीच राहिली. उलट आता तिच्या बोलण्याला पोथीचा शिक्का लागला होता. पूर्वी ती एखाद्या बाईला नुसतं आळशी म्हणायची. आता पोथीत आळशाला काय म्हटलंय तेही ऐकवायची.

गोवर्धनचा धाकटा भाऊ दुलीचंद भिंतीपलीकडे राहतो. त्याची बायको निर्मलाबाई, म्हणजे रुख्माची जाऊ, तीही बोलायला काही कमी नव्हती. तिची मुलगी रेणू, शांत पोर. आमगावकडच्या एका घरी तिचं लग्न ठरत आलं होतं. त्याच आठवड्यात हातपंपावर दोन्ही जावांची नंबरावरून जुंपली. निर्मलाबाईचा पाण्याचा गुंड भरला, तो डोक्यावर घेऊन ती गेली. रुख्माचं बोलणं संपलं नव्हतं. पंपाभोवतीच्या बायांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मायची जीभ अशी, तं लेकीची कशी राहील? आमगाववाल्याईनं पाहून घ्याव म्हना."

त्या बायांत आमगावकडची एक पाहुणी होती. आठ दिवसांनी निरोप आला की ते लोक माघार घेत आहेत.

निर्मलाबाई भांडायला येईल असं गोवर्धनला वाटलं होतं. ती आली, पण भांडली नाही. अंगणात उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "सातशे श्लोक पाठ हायेत म्हने तुमाले. पोपटालेबी पाठ होते, बाई. त्यातला एक तरी आत उतरला काय, तेवढं सांगा." आणि उत्तराची वाट न बघता गेली. त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. दुलीचंदही धुऱ्यावर दिसला तर मान खाली घालून निघून जायचा.

रुख्मा त्यावर काहीच बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. चार दिवस घरात फक्त भांड्यांचे आवाज होते. गोवर्धनला ती शांतता तिच्या ओरडण्यापेक्षा जड गेली. पाचव्या दिवशी दुपारी ती स्वतःच पोथी घेऊन त्याच्यापुढं बसली.

"पयल्या पानापासून काढा."

"काऊन? तुले तं सारं येते."

"तोंडपाठ हाय. हातपाठ नाई."

"हातपाठ म्हनजे काय?"

रुख्मानं दोन्ही तळहात त्याच्यापुढं धरले. चिखलानं चिरलेली बोटं. "रोवनी कराले याईले सांगा लागते काय? डोकं दुसरीकडं राहते, हात आपलं करून राहतात. तसं पायजे. निर्मला खोटं नाई बोलली. मी पोपटच हावो."

तिथून खरं पाठांतर सुरू झालं, असं गोवर्धन आजही सांगतो. रीत साधी होती. तो श्लोक वाचायचा, मग खालचा अर्थ, मग ती विचारायची, "यात आपल्याले कराचं काय हाय?" लढणाऱ्यांची नावं आली, रथांची आणि शंखांची वर्णनं आली की ती म्हणायची, "हे आयकाचं हाय, चला पुढं." देवाच्या रूपांचं वर्णन आलं तर म्हणायची, "हे पाहाचं हाय," आणि खरंच बाहेर जाऊन मोहाच्या झाडाकडं, तळ्याकडं बघून यायची. पण जिथं वागण्याची गोष्ट असायची तिथं ती थांबायची. तो श्लोक हातात येईस्तोवर ती तो मोजत नसे. आला असं तिला वाटलं की गोवर्धननं समासात पेन्सिलीनं एक रेघ ओढायची. तिनं सांगितल्याशिवाय नाही.

एखादी रेघ चार दिवसांत पडायची. एखादीला सहा महिने लागायचे. राग आवरण्याचा एक श्लोक होता. गायीनं दुधाची बादली लाथाडली तेव्हा रुख्माचा हात काठीकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. गोवर्धनला वाटलं, झालं. ती म्हणाली, "नाई. हात गेला तं होता ना? जाईनाच तेवा रेघ." खाण्याझोपण्यात माप ठेवावं, असं एका ठिकाणी होतं. त्याचा फटका मात्र गोवर्धनला बसला. त्याची दुपारची झोप चार वाजेपर्यंत चालायची, ती तीनला मोडली. "मी पाठ करून राहिली अन् तुमी झोपून राहिले, असं कसं जमन? वाचनारा तुमी होय."

आणि मग सारसांचं वर्ष आलं.

श्रावणात रोवणी उरकून महिना झाला होता. तळ्याच्या खालच्या बांधीत सारसांच्या जोडीनं घरटं घातलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगायला हवं, माणसाच्या खांद्याला लागेल एवढा हा पक्षी. आणि घरटं घालायचं तर तो आजूबाजूचं धान मुळासकट उपटतो. रुख्माच्या त्या सरळ ओळी! एका कोपऱ्यात अर्धी बांधी उघडी पडली. गोवर्धन काठी घेऊन धावला. रुख्मानं त्याच्या हातातली काठी घेतली.

"काल काय वाचलं तुमी?"

त्याला आठवत नव्हतं.

"साऱ्या जीवात आपल्यालेच पाहाव, असं वाचलं. ते पाहा, दोन अंडी हायेत. आता याहून अजून काय सांगन देव, इथं येऊन हात धरन काय?"

महिनाभर ती सकाळ-संध्याकाळ त्या धुऱ्यावर जाऊन बसली. कुत्री हाकलली, गुरं दुसऱ्या वाटेनं नेली. दोनांतलं एक पिल्लू जगलं. तांबूस, काटकुळ्या पायांचं ते पोर आईबापांच्या मधून चालत धानात शिरलं, तेव्हा रुख्मानं गोवर्धनला हाक मारून बोलावलं आणि तिथंच चिखलात उभी राहून म्हणाली, "ओढा रेघ." गोवर्धनकडं पोथी नव्हती, पेन्सिलही नव्हती. तो घरी पळत गेला.

लॉकडाऊनच्या वर्षी, वैशाखाच्या उन्हात, नागपूर-रायपूर रस्त्यावरून माणसं चालत छत्तीसगढकडं, ओडिशाकडं निघाली होती. तो रस्ता त्यांच्या घरापासून दीड-दोन किलोमीटरवर. पहिल्या दिवशी रुख्मा नुसतं पाहून आली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मोठ्या गंजात पेज शिजवली, गोवर्धनला बैलगाडी जुंपायला लावली आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली जाऊन बसली. बावीस दिवस ती तिथं होती. लोक विचारायचे, रुख्मा, हे कायले करून राहिली? ती म्हणायची, "पोथीत हाय. जो वापस देऊ शकत नाई त्याले द्याव. जागा पाहून द्याव, वेळ पाहून द्याव. आता याच्याहून चांगली जागा अन् वेळ कोनती सांगा."

एक बाई होती, कडेवर पोर, पायाला फडकी गुंडाळलेली. पेज प्याली, पोराला पाजली आणि निघताना म्हणाली, "अम्मा, नाम तो बता दो." रुख्मानं नाव सांगितलं नाही. गोवर्धननं नंतर विचारलं, नाव सांगायला काय हरकत होती? ती म्हणाली, "नाव सांगतलं तं तिच्या मनात राहते, वापस कराव म्हनून. मंग त्याले देनं नाई म्हनत."

अशी एकेक रेघ पडत गेली. पोथीचे समास पेन्सिलीनं भरत आले. आणि एक श्लोक तसाच कोरा राहिला.

तो बोलण्याविषयीचा होता. बोलणं कसं असावं? ऐकणाऱ्याला न टोचणारं, खरं, गोड आणि त्याच्या भल्याचं. चारही एकाच वेळी. गोवर्धननं अर्थ वाचला आणि मान वर केली नाही. रुख्मानं पोथीचं पान स्वतःकडं वळवून पाहिलं. मग म्हणाली, "मी जनमभर एकच धरून बसली. खरं, खरं, खरं. बाकीचे तीन कुठं गेले?"

तेव्हापासून बोलण्याआधी तिचा अंगठा बोटांवर फिरायला लागला. टोचत नाही ना, पहिलं बोट. खरं आहे ना, दुसरं. गोड, तिसरं. भल्याचं, चौथं. चारही झाली तरच तोंड उघडायचं. पहिल्या महिन्यात ती इतकं कमी बोलली की गावात बातमी पसरली, रुख्माला काहीतरी मोठा आजार झाला आहे. सौंदडच्या बाजारातला भाजीवाला गोवर्धनला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, वहिनीले बरं नाई काय? वांगे किडके होते, तरी शिवी नाई देल्ली. मलेच बेचैन होऊन राहिलं." त्यावर रुख्मा पुढच्या बाजारी गेली, बोटं मोजली आणि त्याला सांगितलं, "तुझ्या टोपलीत वर चांगले अन् खाली किडके राहतात. तूच निवडून अलग ठेव, तं लोक भरोशानं येतीन." आता तो निवडून ठेवतो.

एवढं झाल्यावर गोवर्धन पेन्सिल घेऊन तयार होता. "आता तं ओढू?"

"नाई."

"अवो, तीन वर्षं झाली!"

"मांगचा एक शब्द हाय. तो अजून तिथंच पडून हाय." ती भिंतीकडं बघत होती. भिंतीपलीकडं निर्मलाबाई धान कांडत होती, त्याचा आवाज येत होता. "जाव म्हनते, अन् पाय जात नाई."

दोन वर्षांपूर्वी त्यांची नात टीना, मुलाची मुलगी, गोंदियाला कॉलेजात शिकते ती, एक कागद घेऊन आली. एका संस्थेची पाठांतराची परीक्षा होती. परीक्षक कुठलाही श्लोक सुरू करणार, आपण पुढं म्हणायचं. टीनानं आजीला न विचारताच नाव देऊन टाकलं होतं. रुख्मा आधी नाही म्हणाली. मग काय मनात आलं कोण जाणे, म्हणाली, "चला. पाहू तं."

गोंदियाच्या त्या सभागृहात पंखे फिरत होते आणि खुर्च्यांवर रिटायर झालेले मास्तर, बँकेतले साहेब, इस्त्रीच्या कपड्यातली शाळेची मुलं बसली होती. रुख्मा नऊवारी नेसली होती, हातात काही नव्हतं. तीन परीक्षकांत मधले वयस्कर शास्त्रीजी होते. तिचं नाव पुकारलं, शिक्षण विचारलं. ती म्हणाली, "सही येते." मागं कोणीतरी हसलं.

शास्त्रीजींनी श्लोकाचे दोन शब्द उच्चारले. रुख्मानं उचलला. दुसरा, तिसरा, मधलाच एखादा, शेवटच्या अध्यायातला, पुन्हा पहिल्यातला. ती थांबतच नव्हती. मागचं हसणं केव्हाच बंद झालं होतं. आठव्या श्लोकाला शास्त्रीजींनी हात वर केला. "माताजी, यह शब्द आप गलत बोल रही हैं." आणि त्यांनी बरोबर उच्चार सांगितला.

गोवर्धननं जीभ चावली. तो शब्द त्यानंच तसा वाचला होता, दहा वर्षांपूर्वी, खाटेशेजारी. रुख्मानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती म्हणाली, "वाचनाऱ्यानं मले मनापासून वाचून देल्लं, महाराज. आता तुमी सुधारलं, तं तसंच म्हनन." आणि नव्या उच्चारानं तो श्लोक पुन्हा म्हटला.

शास्त्रीजी हसले. कागदावर काहीतरी लिहिलं. मग शेवटचा प्रश्न म्हणून त्यांनी बोलण्याविषयीच्या त्या श्लोकाचे पहिले शब्द म्हटले.

रुख्मा गप्प राहिली.

शास्त्रीजींनी पुन्हा म्हटले. टीना खुर्चीवरून अर्धी उठली. गोवर्धनला ठाऊक होतं, झोपेतून उठवलं तरी तिला तो येतो.

"हा येत नाई," रुख्मा म्हणाली.

"भूल गईं? कोशिश कीजिए."

"भुलली नाई, महाराज. तोंडाले येते. पन मी माझ्या जावेच्या पोरीबद्दल एक शब्द बोलली होती, तिचं ठरलेलं लगन त्यानं मोडलं. तो शब्द अजून मी फेडला नाई. मंग हा श्लोक मले येते असं कसं म्हनू? खोटं होईन ना."

शास्त्रीजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नियमाप्रमाणे त्यांना तो श्लोक न आलेला धरावाच लागला, आणि पहिल्या श्रेणीचं प्रमाणपत्र एका बँकेच्या साहेबांना गेलं. रुख्माला दुसरं मिळालं. पण ती मंचावरून उतरली तेव्हा शास्त्रीजी उभे राहिले, आणि ते उभे राहिले म्हणून बाकीचे दोघे उभे राहिले, आणि मग सगळेच. देवळात शाल मिळाली तेव्हा गोवर्धनला कुठं बघावं ते कळलं नव्हतं. आज त्यानं सरळ सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. शेजारच्या माणसानं विचारलं, "आपके घर से हैं?" तो म्हणाला, "हौ. माझी बायको होय." त्याला वाटलं, बाकी सगळ्यांनी परीक्षा दिली. हिनं परीक्षेला काहीतरी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मा हातपंपावर गेली. ऐन पाणी भरायच्या वेळी, सगळ्या बाया होत्या तेव्हा. गोवर्धन लांब चिंचेखाली उभा राहिला. निर्मलाबाई रांगेत होती.

"निर्मला," रुख्मा म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "इथंच उभी राहून मी रेणूबद्दल वाईट बोलली होती. या साऱ्या बायाईनं आयकलं होतं, म्हनून इथंच सांगते. ते बोलनं वाईट होतं. चूक माझी होती. तुझी नाई अन् रेणूचीबी नाई."

बायांचे गुंड जागच्या जागी राहिले. निर्मलाबाईनं पंपाचा दांडा सोडला नाही.

"आता सांगून राहिली?" ती म्हणाली. "इतके साल माझ्या पोरीनं ते डोक्यावर घेऊन काढले. मले काय सांगते, तिले सांग. तिचं होतं ते." गुंड उचलून ती चालू लागली.

टोमणा समजून दुसरी बाई घरी आली असती. रुख्मानं तो पत्ता मानला. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं ती आणि गोवर्धन गोंदियाला, तिथून गाडी बदलून तिरोड्याला गेले. रेणूचं लग्न पुढं तिथंच झालं होतं. नवरा पॉवर प्लांटात कामाला, घरी तिचं स्वतःचं शिवणकाम. दार उघडल्यावर मोठीमायला, थोरल्या काकूला, बघून रेणूच्या हातातली कात्री तशीच राहिली.

रुख्मा आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिनं सकाळी म्हटलं तेच पुन्हा म्हटलं.

रेणूनं कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "मोठीमाय, ते घर बरं नोतंच. तिथं नाई गेली तेच चांगलं झालं. पन तू बोलली ना, ते मले लय लागलं. लहानपनी तूच मले कडेवर घेऊन फिरत होती." तिचे डोळे भरले. "दुसऱ्या कोनी बोललं असतं तं नसतं लागलं."

"हौ," रुख्मा म्हणाली. एवढंच. खुलासा नाही, कारण नाही. तिचा अंगठा बोटांवर फिरला नाही हे गोवर्धननं पाहिलं. मोजायचं काही उरलंच नव्हतं.

रेणूनं तिचा हात धरून आत घेतलं. दोघींनी मिळून भाजी चिरली. जेवून निघताना रेणूनं एक ब्लाऊज शिवून दिलं, माप न घेता, नुसतं बघून, आणि ते नीट बसलं.

निर्मलाबाईनं लगेच काही केलं नाही. ती तशी बाई नाही. पण पुढच्या रोवणीला मजूर मिळेनात, सगळ्या टोळ्या दुसरीकडं गुंतल्या होत्या, तेव्हा एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "बाई, उद्या आमच्या बांधीत येता काय? एक ओळ सरळ लावनारी पायजे."

रुख्मा म्हणाली, "येते ना." त्या रात्री तिनं सांगितलं आणि गोवर्धननं त्या कोऱ्या श्लोकापुढं रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी गोवर्धन आणि दुलीचंद पेंढ्या फेकत धुऱ्यावर उभे होते. खाली दोन्ही जावा शेजारीशेजारी वाकल्या होत्या. रुख्मा श्लोक म्हणत होती, मोठ्यानं, जुन्या आवाजात. बाकीच्या बाया ऐकत होत्या. एका ठिकाणी निर्मलाबाई मध्येच म्हणाली, "थांबा, हा परत म्हना. याचा अर्थ काय होय?" आणि रुख्मा उभी राहून, कमरेवर चिखलाचा हात ठेवून अर्थ सांगू लागली.

"काम करा वो आधी!" दुलीचंद वरून ओरडला.

"तू चूप बस रे!" गोवर्धन म्हणाला. चाळीस वर्षं शेती करणाऱ्या त्या अबोल माणसाचा आवाज एवढा मोठा निघाला की बायांनी माना वर केल्या. तो जरा ओशाळला, मग धुऱ्यावर खाली बसला आणि धाकट्या भावालाही बसायची खूण केली. "आयक. ते आधी करून मंग सांगून राहिली."